फोर-बाय-फोरचा खरा हिशेब: सर्व्हिसिंग, टायर आणि टोचन

नवी फोर-बाय-फोर दारात आली की पहिला खर्च बहुतेक वेळा समोरच्या लोखंडी बंपरवर होतो आणि दुसरा छतावरच्या एलईडी पट्टीवर. गाडीखाली वाकून बघायची पाळी येते पहिल्या पावसाळ्यानंतर, आणि तोवर खिसा हलका झालेला असतो. खर्चाचा हा क्रम उलटा हवा. आधी तेल आणि ब्रेक, मग टायर, मग फसलेली गाडी काढायचं सामान. बंपर सगळ्यांत शेवटी, आणि खरं सांगायचं तर नाही घेतला तरी चालेल.

इथे डोळ्यांसमोर तीन गाड्या धरल्या आहेत: नाशिकच्या कारखान्यात बनणारी महिंद्राची थार, मारुतीची जिम्नी आणि फोर्सची गुरखा. रकमा पुणे, मुंबई, नाशिक इथल्या बाजाराच्या ढोबळ आहेत. गाव, दुकान आणि तुमची घासाघीस यांप्रमाणे त्या पंधरा-वीस टक्के इकडे-तिकडे होतील. टायर आणि सुट्या भागांवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे, त्यामुळे दुकानदाराने दरपत्रक पुढे केलं की आधी त्यावरची तारीख बघा.

आणखी एक गोष्ट आधीच तपासा, विशेषतः गाडी सेकंडहँड घेतली असेल तर. थारची फक्त मागच्या चाकांवर चालणारी आवृत्ती जानेवारी २०२३ पासून मिळते आणि बाहेरून ती तशीच दिसते. तीन दारांच्या थारमध्ये गिअरच्या दांड्याशेजारी दुसरा छोटा दांडा नसेल, तर ती फोर-बाय-फोर नाही. चिखलाच्या वाटेला जायचा बेत असेल तर पुढचा खर्च करण्याआधी थांबा.

पाण्यातून आलेल्या गाडीचं काय करायचं

नेहमीची वार्षिक सर्व्हिसिंग इतर एसयूव्हीसारखीच. डिझेल थारला आठ ते चौदा हजार, जिम्नीला पाच ते आठ हजार. गुरखाचं बिल थारच्या आसपास जातं, मात्र तिची सर्व्हिस सेंटरं कमी असल्याने जाण्या-येण्याचा वेळही हिशेबात धरावा लागतो. खरा फरक पडतो तो ओढे-नाले ओलांडून आल्यानंतर, आणि नेमका हाच खर्च कंपनीच्या सर्व्हिसच्या यादीत नसतो.

होतं काय, की तासभर चालून डिफरन्शियल तापलेलं असतं. ते थंडगार ओढ्यात उतरलं की आतली हवा आकुंचन पावते आणि ब्रीदरच्या नळीतून किंवा सीलच्या कडेने पाणी आत ओढून घेते. गाडी त्या दिवशी काहीच बोलत नाही. महिना-दोन महिन्यांनी मागून घूंऽऽ असा आवाज यायला लागतो, तोवर बेअरिंग गेलेलं असतं. म्हणून पावसाळी सहलीनंतर आठवडाभरात गाडी रॅम्पवर चढवा आणि मेकॅनिकला डिफरन्शियलचा खालचा बोल्ट सैल करायला सांगा. आधी पाण्याचे चार थेंब पडले, किंवा तेल तपकिरी-काळं न येता दुधाच्या चहासारखं आलं, तर ते तिथेच पूर्ण काढून टाकायचं. पुढचं, मागचं डिफरन्शियल आणि ट्रान्सफर केस अशी तिन्ही तेलं बदलायला मजुरीसकट तीन ते सहा हजार लागतात. डिफरन्शियल उघडून बेअरिंग बदलायचं झालं तर पंचवीस हजारांच्या खाली काम आटोपत नाही. ब्रीदरची नळी वाढवून बॉनेटच्या उंचीवर नेऊन ठेवायला दीड ते तीन हजार. या सगळ्या छंदात यापेक्षा शहाणा खर्च मला माहीत नाही.

दुसरी जागा म्हणजे मागचे ब्रेक. तिन्ही गाड्यांना मागे ड्रम आहेत. ड्रममध्ये शिरलेला चिखल वाळून पावडर होतो आणि लायनिंग घासत बसतो. ड्रम उघडून साफ करायला पाचशे ते हजार रुपये पुरतात. आळस केला तर शू आणि ड्रम दोन्ही जातात. प्रोपेलर शाफ्टला ग्रीसचे निपल असतील तिथे ग्रीस मारून घ्या, तीन-चारशेचं काम आहे.

गाडी खालून धुताना चॅसिसच्या पोकळीत पाण्याचा पाइप घालून माती निघेपर्यंत धुवायला सांगा. अंडरकोटिंगला चार ते आठ हजार घेतात. मात्र आत माती ठेवून वरून कोटिंग मारलं तर गंज झाकला जातो, थांबत नाही. समुद्राच्या वाळूत गाडी घालण्याचा विचार तर सोडूनच द्या. गोव्यात किनाऱ्यावर गाडी चालवणं हा गुन्हा आहे, कोकणातही दंड आणि गुन्हे नोंदवले जातात, आणि भरतीच्या पाण्यात अडकलेल्या गाडीचं वायरिंग पुढे वर्षभर कटकट करत राहतं.

खोलीचा आकडाही नीट समजून घ्या. थारची पाण्यातून जाण्याची क्षमता ६५० मिलीमीटर, नव्या गुरखाची ७०० मिलीमीटर. हे आकडे संथ पाण्यात, हळू चालवण्याचे आहेत. मांडीपर्यंत येणाऱ्या वाहत्या पाण्याला ते लागू नाहीत. गुरखाला स्नॉर्केल कंपनीचाच असतो. इतरांना बसवायला दहा ते पंचवीस हजार लागतात आणि त्यासाठी फेंडर कापावा लागतो. स्नॉर्केलने फक्त हवा घेण्याची जागा वर जाते. अल्टरनेटर आणि वायरिंग होतं तिथेच राहतं.

टायर: पंधरा मिलीमीटरची किंमत

टायर ही या गाडीतली सगळ्यांत मोठी आणि सगळ्यांत फायद्याची खरेदी. थारच्या १८ इंची चाकाला (२५५/६५ आर १८) देशी ऑल-टेरेन टायर नगामागे अकरा ते पंधरा हजारांत मिळतो आणि परदेशी ब्रँड अठरा ते पंचवीस हजारांपर्यंत जातात. जिम्नीच्या १९५/८० आर १५ मापाला साडेपाच ते आठ हजार. पाच टायरांचा हिशेब करा, चारांचा नको. चार नवे घेऊन स्टेपनी जुन्या मापाची ठेवली, तर घाटात पंक्चर झाल्यावर एक चाक वेगळ्या व्यासाचं लागतं आणि फोर-बाय-फोर वापरता येत नाही.

आता मोठ्या टायरचा मोह. १६ इंची चाकाच्या थारला मुळात २४५/७५ आर १६ टायर येतो, त्याचा व्यास सुमारे ७७४ मिलीमीटर. दुकानदार २६५/७५ आर १६ सुचवतो, त्याचा व्यास सुमारे ८०४ मिलीमीटर. म्हणजे व्यासात ३० मिलीमीटर वाढले, पण गाडीखालची उंची वाढली त्याच्या निम्मी, १५ मिलीमीटर. बदल्यात स्पीडोमीटर जवळपास चार टक्के मागे पडतो, गिअरिंग तेवढंच लांबतं, पिकअप मरतो, डिझेल जास्त लागतं आणि स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर टायर घासण्याची शक्यता वाढते. जिम्नीला २१५/७५ आर १५ घातला तर उंचीत मिळतात फक्त पाच मिलीमीटर. या मापाचा फायदा रुंदीचा आणि दिसण्याचा आहे, आणि तो हवा असेल तर जरूर घ्या. उंची मिळते म्हणून घेऊ नका.

खरेदी करताना टायरच्या बाजूवरचे चार आकडे वाचा. २३२५ असेल तर तो २०२५ च्या तेविसाव्या आठवड्यातला. "नवाच आहे साहेब" म्हणत दोन-तीन वर्षं गोदामात पडलेला माल गळ्यात मारण्याचे प्रकार होतात, आणि फोर-बाय-फोरच्या मापाचा खप कमी असल्याने ते जास्तच होतात. गाडीच्या मॅन्युअलमधला लोड इंडेक्स आणि टायरवरचा इंडेक्स जुळतो का, तेही दुकानातच तपासा.

टायरपेक्षाही स्वस्त सुधारणा म्हणजे त्यातली हवा. मऊ चिखलात किंवा मातीत १८ ते २० पीएसआयवर आणली की टायर लांबट होऊन जमीन धरतो, आणि जिथे गाडी जागच्या जागी चाकं फिरवत होती तिथून ती सरळ निघते. डांबरीवर येण्याआधी हवा पुन्हा भरावी लागते, म्हणून चांगला कॉम्प्रेसर हवा: चार ते आठ हजार. सिगारेट लायटरमध्ये खोचायचा हजार रुपयांचा पंप थारचं एक चाक भरता भरता तापून बंद पडतो. बॅटरीला थेट चिमटे लावायचा कॉम्प्रेसर घ्या.

फसलेली गाडी काढायचं सामान

मूळ गरज वीस ते तीस हजारांत भागते. ताणला जाणारा कायनेटिक दोर सहा ते बारा हजार, साधा टो-स्ट्रॅप दीड ते तीन हजार, दोन बो-शॅकल, जाड हातमोजे, फावडं, आणि चाकाखाली सरकवायच्या फळ्या पाच ते दहा हजारांत. शॅकल ॲक्सेसरीच्या चकचकीत दुकानातूनच घ्यायला हवा असं नाही. मुंबईत नागदेवी स्ट्रीटवर वजन उचलण्याचं सामान विकणाऱ्यांकडे तोच माल बहुतेकदा स्वस्त मिळतो. अंगावर ठोकलेला क्षमतेचा आकडा, जसं पावणेपाच टन, दिसत नसेल तर तो शॅकल घेऊ नका.

दोन दोरांतला फरक जिवावरचा आहे. साधा स्ट्रॅप ताणला जात नाही, त्याने गाडी सावकाश ओढायची. झटका देऊन काढायची असेल तर कायनेटिक दोरच हवा. आणि ट्रेलर अडकवायच्या गोळ्याला, म्हणजे टो-बॉलला, हा दोर कधीही लावायचा नाही. झटक्याने तो गोळा तुटतो आणि काचेतून आत येतो, त्याने माणसं मेल्याच्या घटना परदेशात नोंदल्या गेल्या आहेत. चॅसिसला बोल्टने बसवलेला रिकव्हरी पॉइंटच वापरा. दोरावर मधोमध जाड चादर किंवा ओलं गोणपाट टाका, आणि व्हिडिओ काढणाऱ्या मित्राला दोराच्या दुप्पट लांबीवर उभं करा.

विंचची ओढ सगळ्यांना असते. ९,५०० पौंडांची विंच ४५ हजारांपासून सुरू होते आणि नावाजलेल्या ब्रँडची लाखावर जाते. बसवायच्या प्लेटला दहा-पंधरा हजार, चांगल्या बॅटरीला आठ-दहा हजार वेगळे. डब्यावरची क्षमता ड्रमवर दोराचा एकच थर उरलेला असतानाची असते. थर वाढत गेले की ओढ कमी होत जाते. गाडीच्या भरलेल्या वजनाच्या दीडपट क्षमतेची विंच घ्यावी, असा नेहमीचा नियम आहे. पण तुम्ही कायम दोन गाड्या मिळून जात असाल, तर विंच बहुधा शोभेलाच राहील. तेवढ्या पैशांत ड्रायव्हिंग शिकून या. इगतपुरीला महिंद्राने ऑफ-रोड प्रशिक्षणाची अकादमी उभी केली. थार त्यांची असली तरी लो-रेंज कधी लावायचा, चढावर बंद पडलेली गाडी मागे कशी घ्यायची, हे कोणत्याही गाडीला सारखंच.

आणि शेवटी गावातला ट्रॅक्टर आहेच. "दादा, किती घेणार?" विचारल्यावर "बघा काय द्यायचं ते" असं उत्तर आलं, तरी दोर बांधण्याआधी आकडा ठरवा. दिवसा पाचशे ते दोन हजार, रात्री किंवा पावसात जास्त. त्या माणसाचं काम सोडून तो आला आहे, तेव्हा चहापाण्याचे शंभर पुढे करू नका. गाडी ज्याच्या बांधावर रुतली त्या शेतकऱ्याचा बांधही नीट करून द्या, नाहीतर पुढच्या गाडीवाल्याला तिथे दगड आडवे लावलेले दिसतील.

उंची वाढवणं, बंपर आणि कायदा

स्प्रिंगखाली स्पेसर घालून दीड-दोन इंच उंची वाढवायला दहा ते वीस हजार, पूर्ण सस्पेन्शन बदलायला ऐंशी हजार ते दीड लाख. थारचं पुढचं सस्पेन्शन स्वतंत्र आहे. स्पेसर घातले की पुढच्या शाफ्टचे सांधे कायम तिरक्या कोनात चालतात, त्यावरचं रबरी बूट आधी फाटतं आणि मग सांधा वाजू लागतो. जिम्नीला पुढे-मागे दोन्हीकडे सलग ॲक्सल आहेत. तिथे उंची वाढते ती बॉडीची, ॲक्सलवरचा गोळा जमिनीपासून होता तेवढ्याच अंतरावर राहतो. सहसा दगडाला लागतो तो हाच गोळा.

कायद्याची बाजू स्पष्ट आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीत लिहिलेल्या मूळ तपशिलात मनाने बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ च्या निकालात ते ठामपणे सांगितलं. कलम १८२-अ खाली दर बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतात. बुल-बार आणि क्रॅश गार्डवर कारवाई करण्याचं पत्र केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना पाठवलं होतं. "सगळेच लावतात" हे उत्तर चौकात चालेल, अपघातानंतर विमा कंपनीपुढे चालत नाही.

विम्याचं थोडक्यात. पाणी शिरून इंजिन बंद पडलं तर साध्या पॉलिसीत इंजिनाचं नुकसान सहसा मिळत नाही, त्यासाठी इंजिन संरक्षणाचं ॲड-ऑन घ्यावं लागतं. वर्षाला दोन ते पाच हजार जातील, पण डिझेल इंजिनाचं काम दीड लाखापासून पुढे असतं. पाण्यात गाडी बंद पडली तर पुन्हा सेल्फ मारू नका. पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि दावाही त्याच कारणाने अडतो. शर्यत आणि चाचणीच्या स्पर्धा पॉलिसीबाहेर असतात, तेव्हा एखाद्या ऑफ-रोड स्पर्धेत नाव घालण्याआधी पॉलिसी उघडून वाचा. जुन्या जीप-जिप्सीवाल्यांनी आणखी एक रक्कम धरावी: पंधरा वर्षांनंतर नोंदणी नूतनीकरणाला पाच हजार, वीस वर्षांनंतर दहा हजार, शिवाय हरित कर.

टोचन आणि ट्रेलर

बंद पडलेली गाडी टोचन करून न्यायची तर दोन गाड्यांमधलं अंतर पाच मीटरपेक्षा जास्त नको, मागच्या गाडीत परवानाधारक चालक हवा, आणि तिच्या पाठीमागे पांढऱ्यावर काळ्या अक्षरात 'ऑन टो' अशी पाटी हवी. इंजिन बंद असल्याने मागच्याचा ब्रेक आणि स्टिअरिंग दोन्ही जड होतात, हे त्याला निघण्याआधी सांगा. वेग ताशी वीसच्या वर नेऊ नका. ऑटोमॅटिक गाडी दोराने ओढूच नका, फ्लॅटबेड बोलवा. पहिल्या वीस-पंचवीस किलोमीटरला अडीच ते चार हजार, पुढे किलोमीटरमागे ४० ते ८० रुपये. कंपनीची रोडसाइड सेवा रस्त्यावर बंद पडलेल्या गाडीसाठी असते. रानात फसलेल्या गाडीला ती बहुतेकदा हात लावत नाही.

ट्रेलरचं गणित वेगळं आहे आणि इथेच सगळ्यांत जास्त फसगत होते. हिच बसवायला दहा ते पंचवीस हजार, दिव्यांचं वायरिंग तीन ते सहा हजार, एवढंच दुकानदार सांगतो. पण कायद्याने ट्रेलर हेही मोटार वाहन आहे. त्याला स्वतःची नोंदणी, स्वतःची नंबर प्लेट आणि विमा लागतो. गावातल्या वेल्डरने साठ हजारांत बनवून दिलेला ट्रेलर आरटीओत नोंदवता येत नाही, मान्यताप्राप्त उत्पादकाचा कागद लागतो. तेव्हा आधी आरटीओ, मग वेल्डर.

ओढायचं किती, हे मॅन्युअल सांगेल. तिथे आकडा दिलेला नसेल तर "थार आहे, ओढेल की" हे उत्तर धरू नका. जिम्नीला ऑस्ट्रेलियात ब्रेक असलेल्या ट्रेलरसाठी १,३०० किलोची आणि ब्रेक नसलेल्यासाठी फक्त ३५० किलोची मर्यादा दिलेली आहे. तो आकडा भारतातल्या गाडीला परवानगी देत नाही, पण ट्रेलरला स्वतःचा ब्रेक असण्याने किती फरक पडतो ते त्यातून कळतं. वजन मांडताना सुमारे दहावा हिस्सा हिचवर यावा. मागे जड झालेला ट्रेलर साठच्या पुढे गाडीसकट डुलायला लागतो. आंबेनळी किंवा वरंध घाटातून बोट घेऊन कोकणात उतरायचं असेल तर ज्या गिअरमध्ये चढ चढला असता त्याच गिअरमध्ये उतरा, नाहीतर अर्ध्या घाटात ब्रेकचा वास येईल. जेटीवर ट्रेलर मागे घेताना लो-रेंज लावा, क्लच वाचतो. थारचा क्लच बदलायला वीस ते पस्तीस हजार लागतात. मात्र कोरड्या डांबरीवर फोर-बाय-फोर सोडवून टाका. या गाड्यांना मधलं डिफरन्शियल नाही, वळणावर पुढची आणि मागची चाकं वेगवेगळं अंतर कापतात आणि तो ताण गिअरबॉक्स सोसतो.

साधा हिशेब मांडा. वर्षाला बारा हजार किलोमीटर, लिटरला बारा किलोमीटर, डिझेल ९० रुपये धरलं तर इंधनालाच ९० हजार जातात. सर्व्हिसिंग, तिन्ही तेलं, ब्रेक सफाई, अलाइनमेंट आणि टायरच्या झिजेचा वाटा मिळून आणखी ३५ ते ५० हजार, विमा वेगळा. ट्रेलर ओढलात तर क्लच, ब्रेक आणि इंधन तिन्ही वाढतात. वर्षातून दोन-चार वेळाच बोट किंवा बाइक न्यायची असेल, तर सामान चढवून नेणारा पिकअप भाड्याने घेणं हिच बसवण्यापेक्षा स्वस्त पडतं.